आवळा, कोहळा आणि प्लेस्टेशन

"अगं ए, आहेस का? पंचावन्न हजार म्हणे!"

आमच्या शेजारच्या काकू कुंपणाशी आल्या की आधी आकडा येतो, विषय मागून. पतसंस्थेच्या वसुली खात्यात त्यांची उभी हयात गेली. निवृत्त झाल्या, पण समोरच्याकडे बघताना अजूनही 'ह्याचं किती थकलंय' हीच नजर. मी कढीपत्त्याच्या आडून डोकं वर काढलं.

"कशाचे पंचावन्न हजार, काकू?"

"आमच्या चिरंजीवांच्या चिरंजीवांचे. दहावी झाली ना. आता प्लेस्टेशन पाहिजे, पाच नंबरचं. लेक म्हणतो, आई, अर्धे तू घाल. म्हटलं, आधी शेजारी विचारून येते. तू रात्र-रात्र ते खेळत बसतेस, सगळ्या कॉलनीला ठाऊक आहे."

"सगळ्या कॉलनीला?"

"दीड-दोन वाजेपर्यंत तुझ्या खिडकीत निळा उजेड नाचत असतो, बाई. समोरच्या वहिनींना वाटलं, वेल्डिंगचं काम काढलंय."

मी विषय पुन्हा आकड्यावर आणला. "हा डबा भारतात आला २ फेब्रुवारी २०२१ ला. डिस्कवाला ४९,९९० आणि बिनडिस्कचा ३९,९९०. पुढच्या वर्षी दोन्ही पाच-पाच हजारांनी चढले."

"जुना झाला आणि महाग झाला?"

"त्याचीही गोष्ट आहे. पण आधी दुसरी ऐका. सुरुवातीला सोनी कंपनीला ह्या प्रत्येक डब्यामागे तोटा होत होता. बनवायला जास्त, विकायला कमी. कंपनीनं स्वतः तसं सांगितलं होतं."

काकू हसल्या. "तोटा? माझ्यासमोर? अगं, वसुलीला गेलं की प्रत्येक जण तोट्यातच असतो. अंगणात नवी बुलेट आणि तोंडात तोटा."

"हे तसलं रडगाणं नाही, काकू. तीन नंबरचं प्लेस्टेशन आलं २००६ च्या नोव्हेंबरात. अमेरिकेत मोठ्या मॉडेलची किंमत ५९९ डॉलर. आयसप्लाय नावाच्या संस्थेनं ते उघडून आतल्या एकेका भागाची किंमत लावली. खर्चाचा अंदाज निघाला ८४० डॉलर. लहान मॉडेल विकायचं ४९९ ला आणि बनवायला ८०५. त्या आर्थिक वर्षात सोनीच्या गेम विभागाला २३२ अब्ज येनचा तोटा झाला."

काकूंचं हसणं थांबलं. त्यांनी कुंपणाच्या भिंतीवर कोपर टेकलं. हे त्यांचं फाईल उघडण्याचं लक्षण.

"थांब. म्हणजे कंपनीनं दर गिऱ्हाइकाला अडीच-तीनशे डॉलर कर्ज दिलं. कागद नाही, जामीन नाही."

"कर्ज?"

"मग काय दानधर्म? आठशे चाळीसची वस्तू सहाशेला देणारा एक तर खुळा असतो, नाहीतर उरलेले मागाहून काढणार असतो. आवळा देऊन कोहळा काढायचा धंदा आहे हा. मला फक्त एवढं सांग, वसुली कुठून करतात?"

"गेममधून. डबा एकदाच घेतो आपण, गेम घेतच राहतो. नवीन मोठा गेम आपल्याकडे ४,९९९ च्या आसपास पडतो. तो सोनीनं स्वतः बनवलेला असेल तर पैसे तिचेच. दुसऱ्या कंपनीनं बनवला असला तरी सोनीच्या ऑनलाइन दुकानातून घेतला की साधारण ३० टक्के सोनी ठेवून घेते. डिस्क असली तरी बनवणारा डिस्कमागे परवान्याचे पैसे भरतो. एका यंत्रामागे सरासरी किती गेम खपले, ह्याला धंद्यात अटॅच रेट म्हणतात. सगळी मदार त्याच्यावर."

"म्हणजे वसुलीचा दर. आमच्याकडेही दर महिन्याला तो फळ्यावर लिहायचे." काकूंनी मान डोलावली. "पण माझा दुसरा प्रश्न. तारण काय? मी डबा स्वस्तात घेतला आणि गेम भलत्याच दुकानातून आणला तर? कंपनी काय करणार?"

"काकू, हाच प्रश्न अटारीला पडायला हवा होता. पडला नाही, म्हणून सगळा धंदा बुडाला."

"अस्सं? सांग की मग."

"अटारीनं १९७७ मध्ये अमेरिकेत घरी खेळायचं यंत्र आणलं, १९९ डॉलरला. वरून काडतूस खोचायचं, म्हणजे कार्ट्रिज, की नवा खेळ. कमाई काडतुसांवर. पण गेम लिहिणाऱ्या पोरांचं ना डब्यावर नाव, ना नफ्यात वाटा. त्यांच्यातले चार जण उठले आणि १९७९ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन काढून अटारीच्याच यंत्रासाठी काडतुसं विकायला लागले."

"घरातलीच माणसं फुटली! मग अटारीनं अडवलं नाही?"

"कोर्टात गेली. पण यंत्रात कुलूपच नव्हतं. कुणीही काडतूस बनवावं आणि खोचावं. मग काय, जत्रा भरली. ओट्स विकणाऱ्या क्वेकर कंपनीनं गेमचा विभाग काढला. कुत्र्यांचं खाणं बनवणाऱ्या कंपनीनं स्वतःच्या जाहिरातीचा गेम काढला. दुकानं भिकार मालानं भरली, तीस-पस्तीस डॉलरची काडतुसं पाच डॉलरच्या टोपलीत आली. अटारीनं स्वतः 'ई.टी.' सिनेमावरचा गेम पाच-सहा आठवड्यांत उरकला. तो इतका पडून राहिला की १९८३ च्या सप्टेंबरात न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावी इतर न खपलेल्या मालाबरोबर कचऱ्याच्या खड्ड्यात पुरला."

"पुरला? काहीतरीच तुझं."

"खरंच. लोकांना कैक वर्षं ती अफवाच वाटायची. २०१४ च्या एप्रिलमध्ये खणून काढला तेव्हा खात्री पटली. अमेरिकेतला घरगुती गेमचा बाजार तीन अब्ज डॉलरच्या वर होता, तो १९८५ पर्यंत दहा कोटींच्या आसपास घसरला."

काकूंनी जीभ चावली. "यंत्र वाटली अटारीनं, वसुली करून गेले बाकीचे. आमच्याकडं असं झालं असतं तर शाखाधिकारी घरी बसला असता."

घरातून कुकरची शिट्टी झाली. काकूंनी लक्ष दिलं नाही.

"मग जपानच्या निन्टेन्डोनं ह्यावरून धडा घेतला," मी म्हटलं. "त्यांचं फॅमिकॉम जपानात १९८३ ला निघालं, त्यात कुलूप नव्हतं. १९८५ मध्ये तेच अमेरिकेत नेताना आत एक चिप बसवली आणि तिची जोडीदार प्रत्येक काडतुसात. दोघींची ओळख पटली तरच यंत्र चालणार. आणि काडतूस बनवणार फक्त निन्टेन्डो. दुसऱ्या कंपनीला गेम काढायचाय? या, करार करा. वर्षाला जास्तीत जास्त पाच गेम. काढलेला गेम दोन वर्षं दुसऱ्या कुणाच्या यंत्रावर द्यायचा नाही. काडतुसांची ऑर्डर द्या आणि पैसे आगाऊ भरा. माल खपला नाही तर तुमचं नशीब."

काकूंचा चेहरा उजळला. एखाद्या जुन्या सहकाऱ्याची तारीफ ऐकावी तसा. "ह्याला म्हणतात वसुली अधिकारी! बुडाला तर दुसऱ्याचा, मिळाला तर माझा. आणि ऐकलं सगळ्यांनी?"

"ऐकल्यासारखं केलं. कोनामीला पाचाची मर्यादा पुरेना. त्यांनी अमेरिकेत अल्ट्रा गेम्स नावाची दुसरी कंपनी उघडली आणि तिच्या नावावर आणखी पाच काढले."

"बायकोच्या नावावर दुसरं कर्ज! अगं, हे तर आपल्याकडं गल्लोगल्ली."

"निन्टेन्डोला ठाऊक होतं, पण गेम चांगले खपायचे, म्हणून चालू दिलं. टेन्जेन नावाच्या कंपनीनं मात्र चिपची रचना सरकारी कॉपीराइट कार्यालयातून खोटं कारण देऊन मिळवली, कुलूप फोडलं आणि कोर्टात हरली."

"बरोबर आहे. थकलं तर चालतं, पण खोटी कागदपत्रं खपवून घ्यायची नाहीत."

"आणि गंमत बघा. आपल्याकडं नव्वदीत घरोघर जो 'टीव्ही गेम' होता, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळायचा, एका काडतुसात शेकडो गेम असल्याची थाप छापलेला, तो बहुतेक ह्याच फॅमिकॉमची नक्कल. जपानी यंत्राला कुलूप नसल्यानं नक्कल सोपी. निन्टेन्डोला त्यातला एक पैसाही पोचला नाही."

"तो घ्यायला आमच्या लेकानं चार दिवस अन्न सोडलं होतं! म्हणजे तो रोखीचा व्यवहार. विकणाऱ्यानं नफा जागेवर घेतला, उधारी नाही, वसुली नाही." काकूंना हे पटलं. "हं. मग ही तुझी सोनी ह्यात कधी शिरली?"

"निन्टेन्डोच्या घरातूनच शिरली. दोघांचं ठरलं होतं. निन्टेन्डोच्या यंत्राला सोनी सीडीचा भाग जोडणार. १९९१ च्या जूनमध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीनं थाटात जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी त्याच प्रदर्शनात निन्टेन्डोनं सांगितलं, आम्ही फिलिप्सबरोबर जातोय."

"अगंबाई! भर मांडवात?"

"जगासमोर. कारण काय, तर करारानुसार सीडीवरच्या गेमच्या परवान्याचे हक्क सोनीकडे जात होते."

"म्हणजे भांडण वसुलीचं. कर्ज कुणी वाटायचं ह्यावरून कधी भांडण होत नाही, वसूल कुणी करायचं ह्यावरून होतं."

"सोनीतले केन कुतारागी पेटून उठले, आणि १९९४ च्या डिसेंबरात सोनीचं स्वतःचं प्लेस्टेशन जपानात आलं. गेम सीडीवर. काडतूस महाग, आठवडे आधी मागवायचं आणि पैसे आधी. सीडी स्वस्तात छापली जायची, संपली तर लगेच पुन्हा छापता यायची. गेम बनवणाऱ्यांचा जीव भांड्यात पडला. 'फायनल फँटसी' ही निन्टेन्डोच्या घरची मालिका, तिचा सातवा गेम १९९७ ला प्लेस्टेशनवर आला."

"म्हणजे हिनं व्याज कमी केलं आणि दुसऱ्या संस्थेची खाती ओढली."

"आणि डब्याची किंमतही. ११ मे १९९५, लॉस एंजेलिस. सकाळी सेगा ह्या प्रतिस्पर्धी कंपनीनं जाहीर केलं, आमचं सॅटर्न यंत्र आजपासूनच काही दुकानांत, ३९९ डॉलरला. त्याच दिवशी सोनीचे स्टीव्ह रेस मंचावर गेले, 'दोनशे नव्व्याण्णव' एवढंच म्हणाले आणि खाली उतरले. टाळ्यांचा कडकडाट. शिवाय सेगानं घाईत ज्या दुकानदारांना वगळलं, ते असे रुसले की काहींनी सेगाचा मालच ठेवायचं बंद केलं."

"हात दाखवून अवलक्षण," काकू म्हणाल्या. मग जरा थांबून, "पण मला एक सांग. प्रत्येकानं तोटा खायलाच पाहिजे का? सरळ खर्च अधिक नफा धरून विकलं तर?"

"विकून बघितलं एकानं. ट्रिप हॉकिन्स, इलेक्ट्रॉनिक आर्ट्स काढणारे. त्यांनी थ्रीडीओ नावाचं यंत्र आखलं, पण कारखाना काढला नाही. पॅनासोनिक, गोल्डस्टार, सान्यो ह्यांना बनवायचा परवाना दिला. गेम बनवणाऱ्यांकडून डिस्कमागे फक्त तीन डॉलर घ्यायचे. सगळ्यांना वाटलं, हा देवमाणूस. १९९३ च्या ऑक्टोबरात यंत्र आलं, किंमत ७०० डॉलर."

"सातशे! का?"

"तुम्हीच सांगा."

काकूंनी डोळे बारीक केले. कढीपत्त्याची एक काडी तोडून बोटांत फिरवली. ती आमच्या झाडाची होती, पण बोलायची सोय नाही. "डबा बनवणार पॅनासोनिक. गेमचे तीन डॉलर जाणार थ्रीडीओला. मग पॅनासोनिक कशाला कर्ज देईल? वसुलीत तिचा हिस्साच नाही. तिनं आपला नफा डब्यावरच धरला असणार."

"अगदी तेच झालं. गिऱ्हाईक सातशे बघून पळालं, गिऱ्हाईक नाही म्हणून गेम नाहीत. काही वर्षांत बंद."

"देणारा एक आणि घेणारा दुसरा असेल तर संस्था चालत नाही. हे लिहून घे."

मी लिहून घेतलं नाही, पण कुठल्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात हे इतकं सुटसुटीत वाचल्याचं आठवत नव्हतं.

"आणि वसुली व्हायच्या आधीच देणाऱ्याची तिजोरी रिकामी झाली तर?" मी विचारलं.

"तर बोर्ड बरखास्त."

"सेगाचं तसंच झालं. १९९९ मध्ये अमेरिकेत ड्रीमकास्ट आणलं, १९९ डॉलरला. यंत्र फार गुणी. पण त्यातलं कुलूप फुटलं, साध्या सीडीवर उतरवलेले गेम यंत्राला हात न लावता चालायला लागले. सोनीचं दोन नंबरचं येतंय म्हणून लोक थांबले ते वेगळंच. ३१ जानेवारी २००१ ला सेगानं यंत्र बनवणं सोडल्याचं जाहीर केलं. तेव्हाचे अध्यक्ष इसाओ ओकावा. ते गंभीर आजारी होते. त्यांनी कंपनीला स्वतःच्या खिशातून दिलेलं कर्ज माफ केलं, वर आपले शेअरही दिले. सगळं मिळून सुमारे ६९ कोटी ५० लाख डॉलर. मार्चमध्ये ते गेले."

काकू जरा गप्प झाल्या. "असा अध्यक्ष आम्हाला नाही भेटला. आमच्याकडे अध्यक्षांचंच माफ व्हायचं."

रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. काकूंनी "मेथी कशी दिली?" विचारलं, भाव ऐकला, नाक मुरडलं आणि परत आल्या.

"मग सेगाच्या जागी कोण बसलं?"

"मायक्रोसॉफ्ट. २००१ च्या नोव्हेंबरात एक्सबॉक्स, २९९ डॉलरला. ह्यांची तिजोरी विंडोजनं भरलेली. पहिल्या एक्सबॉक्सवर चार अब्ज डॉलरच्या आसपास घालवल्याचं सांगतात. त्यात एक बारीक चूक नडली. सोनी आपल्या मुख्य चिपा स्वतःच्या मालकीच्या ठेवायची. दोन नंबरच्या प्लेस्टेशनमधल्या दोन मोठ्या चिपा तिनं पुढे एकात बसवल्या, खर्च उतरला. मायक्रोसॉफ्टनं चिपा इंटेल आणि एनव्हिडियाकडून विकत घेतलेल्या. आराखडा त्यांचा, भाव त्यांचा. किमतीवरून एनव्हिडियाबरोबर लवादापर्यंत वाद गेला."

"मालकी दुसऱ्याची आणि देणी आपली. मग दुसऱ्या खेपेला सुधारले?"

"चिपचा आराखडा मालकीचा घेतला, पण यंत्रं तापून बंद पडायला लागली. समोर लाल दिव्याचं कडं पेटलं की गेलं. २००७ च्या जुलैमध्ये वॉरंटी तीन वर्षांची करून त्यांनी अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली."

"तरतूद केली म्हण."

"तरतूद. २०२१ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियात एपिक आणि अ‍ॅपलचा खटला चालला, त्यात एक्सबॉक्सच्या एका उपाध्यक्षांनी शपथेवर सांगितलं की यंत्र विकून कंपनीनं कधीच नफा कमावलेला नाही."

"वीस वर्षं?" काकूंचा आवाज कुंपणाबाहेर गेला. "आणि रिझर्व्ह बँक काही म्हणाली नाही?"

"त्यांच्यावर रिझर्व्ह बँक नसते, काकू. नफा गेममध्ये आणि वर्गणीत. आणि अट एकच, ज्यानं डबा नेला त्यानं गेम घेतले पाहिजेत. त्यावरून आठवलं. जगातला सगळ्यात मोठा थकबाकीदार कोण असेल, ओळखा."

"आपल्या ओळखीचा आहे का?"

"अमेरिकन हवाई दल."

काकूंच्या हातातली काडी खाली पडली.

"तीन नंबरच्या प्लेस्टेशनमध्ये जी चिप होती, ती हिशेबाला फार जबर. वर सोनीनं सुरुवातीला त्यावर लिनक्स चालवायची मुभा दिलेली. हवाई दलाच्या प्रयोगशाळेनं तब्बल १,७६० प्लेस्टेशन जोडून न्यूयॉर्क राज्यातल्या रोम गावी २०१० मध्ये महासंगणक उभा केला. तेवढ्या ताकदीचं दुसरं यंत्र कितीतरी महाग पडलं असतं. त्या यंत्रांवर गेम किती घेतले असतील?"

"शून्य." काकूंनी कपाळाला हात लावला. "१,७६० खाती आणि पहिला हप्तासुद्धा नाही! आणि वसुलीला जायचं तरी कसं, दारात विमानं."

"तोवर एका यंत्रामागचा तोटा बराच खाली आला होता म्हणा. पण २०१० च्या एप्रिलमध्ये सोनीनं ती लिनक्सची मुभाच काढून टाकली. सुरक्षेचं कारण दिलं. घेतलेल्या वस्तूतली सोय मागाहून काढून घेतली म्हणून ग्राहक कोर्टात गेले."

"जाणारच. कर्ज दिल्यावर अटी बदलायच्या नसतात." आपल्याच खात्याविरुद्ध काकू क्वचित बोलतात. "सगळेच असे उधळे का? रोखीनं धंदा करणारं कुणी नाही?"

"निन्टेन्डो. २००६ मध्ये सोनी ५९९ ला विकत होती तेव्हा निन्टेन्डोनं वी नावाचं यंत्र २५० डॉलरला काढलं. चिप साधी, जुन्याच वळणाची. गंमत होती हातात धरून हलवायच्या रिमोटमध्ये. पहिल्या डब्यापासून नफा. दहा कोटींहून जास्त खपले. पण त्यांनाही एकदा नमावं लागलं. २०११ मध्ये हातातलं थ्रीडीएस अडीचशेला काढलं, खपेना. सहा महिन्यांच्या आत ऐंशी डॉलर उतरवले. आधी घेतलेल्यांची माफी म्हणून वीस जुने गेम फुकट दिले, आणि अध्यक्ष सातोरू इवाता ह्यांनी स्वतःचा पगार निम्मा केला."

"वेळेवर पैसे भरणाऱ्याला काहीतरी दिलंच पाहिजे. आमच्याकडे माफी नेहमी बुडव्यांना." काकू आता मूळ मुद्द्यावर आल्या. "ते राहिलंच की. जुना डबा महाग का झाला?"

"कारण हा सगळा खेळ एका भरवशावर उभा होता. आज तोट्यात विका, वर्षं सरतील तशी चिप लहान आणि स्वस्त होईल, मग डब्यावरही नफा आणि किंमतही उतरवता येईल. दोन नंबरचं प्लेस्टेशन अमेरिकेत २००० मध्ये २९९ ला आलं, २००२ ला १९९ झालं, २००४ ला १४९, २००९ ला ९९. किंमत उतरली तसं गरिबाघरीही पोचलं, साडेपंधरा कोटींच्या वर खपलं. आपल्याकडं त्यासाठी २००९ मध्ये हनुमानाचा गेम निघाला, विटीदांडू-कबड्डीचा निघाला."

"आणि आता?"

"आता चिप लहान होते, पण पूर्वीसारखी स्वस्त होत नाही. त्यात महागाई, विनिमयाचे दर, अमेरिकेचं आयात शुल्क. पाच नंबरचं २०२० मध्ये ४९९ डॉलरला आलं आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्याच देशात ५४९ झालं. एक्सबॉक्स त्याच वर्षी दोनदा चढला. पाच वर्षांत दोननं निम्मी किंमत टाकली होती, पाचनं उलट पन्नास डॉलर घातले. आपल्याकडं २०१९ पासून जीएसटी २८ चा १८ टक्के झाला, तेवढाच काय तो दिलासा."

"म्हणजे संस्थेनं कर्ज देणं आखडतं घेतलं," काकू सावकाश म्हणाल्या. "पण वसुली? ती कमी केली का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबले. हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. "नाही. तीस टक्के आहेत तसेच. उलट ऑनलाइन दुसऱ्याबरोबर खेळायचं तर बहुतेक गेमना वर्गणीही भरावी लागते, चार नंबरच्या प्लेस्टेशनपासून."

"मग हे चोख नाही. मी तुला आठशेची वस्तू सहाशेला दिली, तर पुढं तुझ्याकडून जास्त घेण्यात काहीतरी न्याय आहे. आठशेची आठशेलाच विकणार आणि वर वसुलीही चालू ठेवणार? मुद्दल दिलंच नाही तर व्याज कशाचं?"

मला सोनीची बाजू मांडावीशी वाटली. मोठा गेम करायला आता शेकडो लोक आणि कैक वर्षं लागतात, दुकान चालवायला खर्च असतो, वगैरे. काकूंनी ऐकून घेतलं. ऐकून घेण्याची त्यांची पद्धत मला माहीत आहे. हप्ता चुकलेल्याचंही त्या असंच ऐकून घेत असणार.

"आता शेवटचं. डिस्कवाला आणि बिनडिस्कवाला, दहा हजारांचा फरक का? ती डिस्क घालायची फट दहा हजारांची असते का?"

"नसावी. पण बिनडिस्कवाला घेतला की गेम फक्त सोनीच्या दुकानातून. दुसऱ्याकडं स्वस्त मिळाला तरी घेता येत नाही, खेळून झाल्यावर विकता येत नाही, मित्राला देता येत नाही. डिस्क जुन्या बाजारात दहा हातांत फिरली तरी कंपनीला पहिल्या विक्रीनंतर काही मिळत नाही. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं जुन्या डिस्कच्या फेरविक्रीवर बंधनं घालायचं जाहीर केलं, तर एवढा गदारोळ झाला की त्याच महिन्यात माघार घेतली."

"पक्कं तारण दिलं म्हणून दर कमी लावला." काकूंनी फाईल मिटली. "हिशेब कर. पोरगा वर्षाला किती गेम घेईल?"

"पूर्ण किमतीचे तीन धरा. पाच वर्षांत पंधरा. ४,९९९ च्या भावानं पंचाहत्तर हजार."

"डब्याहून जास्त! आणि त्यातले कंपनीचे?"

"दुसऱ्यांचे गेम धरले, जीएसटी वगळला, तर एका गेममागे साडेबाराशेच्या पुढं. पंधरांचे एकोणीस हजारांच्या घरात."

"आणि डिस्क घेऊन, खेळून, विकून पुढची घेतली तर?"

"पंचाहत्तरातले निम्मे वाचायला हरकत नाही. दहा हजारांचा फरक दीड-दोन वर्षांत फिटेल."

काकूंनी कमरेचा मोबाइल काढला आणि लेकाला तिथंच निरोप बोलून पाठवला. अर्धे पैसे देते. डबा डिस्कवालाच. जुनी डिस्क विकल्याशिवाय नवी नाही. गेम निघाल्या दिवशी घ्यायचा नाही, किंमत उतरेपर्यंत दम धरायचा. वर्गणी त्यानं स्वतः कमवून भरावी.

"काकू," मी म्हटलं, "घरोघर अशी गिऱ्हाइकं निघाली तर सोनीचं वसुली खातं बसेल."

"येऊ दे की त्यांचा माणूस दारात. तोंडावर दार कसं लावायचं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? उभा जन्म लोकांनी माझ्याच तोंडावर लावलंय."